हिशेबाबाहेरचे जीव

गेल्या दिवाळीच्या सुटीत पुण्याहून नातू फुलसावंगीस आला, तो खिशात एक विलक्षण वस्तू घेऊनच. कपडे वाळत घालण्याच्या चिमट्यासारखा एक चिमटा आणि त्यात रुपयाच्या नाण्याएवढी काच बसवलेली. हा चिमटा मोबाइलच्या कॅमेऱ्यावर लावला, की तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू पडदाभर दिसू लागते. या काचेस मॅक्रो लेन्स म्हणतात, हे बारा वर्षांच्या या गुरुजींनी मला शिकवले आणि लगेच विचारले, ‘‘दादाजी, आपल्या परसात किडे आहेत का?’’

उत्तर स्वयंपाकघरातून आले. ‘‘किडेच किडे आहेत. लिंबाच्या झाडाला एक कोवळे पान धड ठेवलेले नाही. काकाला सांग, दुकानातून औषधाची बाटली पाठव म्हणावे.’’

दुकान म्हणजे माझ्या पुतण्याचे कृषी सेवा केंद्र. वडिलांच्या काळी आमची आडत होती. पुढे बंधूंनी बी-बियाणे आणि खते ठेवण्यास आरंभ केला, आणि आता पुतण्याच्या दुकानातील मागची एक भिंत छतापर्यंत कीटकनाशकांच्या बाटल्यांनी भरलेली असते. आमच्या भागात त्या बाटलीला कोणी विष म्हणत नाही. शेतकरीही ‘औषध’ मागतो आणि दुकानदारही ‘औषध’ देतो. मी स्वतः बँकेत अडतीस वर्षे काढली. त्या काळात कीटकांशी माझा संबंध आला तो कागदोपत्रीच. पीककर्जाच्या प्रकरणात ‘किडीमुळे झालेले नुकसान’ असा मजकूर यावयाचा आणि मी त्यापुढे सही करावयाचा. ती कीड कशी दिसते, हे पाहण्याचा योग मात्र कधी आला नाही.

आमचे परस काही फार मोठे नाही. एक जुना आड, त्याच्या कठड्यालगत कागदी लिंबाचे झाड, कढीपत्ता, जास्वंद, तुळशीवृंदावनाभोवती झेंडूची ओळ, मागल्या भिंतीवर चढवलेला वालाचा वेल आणि भिंतीपलीकडे आपोआप उगवलेली रुई. पाऊस ओसरून गेलेला, जमिनीत ओल शिल्लक आणि वर आश्विनाचे कडक ऊन. दुपारी पारा तेहतीस-चौतीसवर जावा असे ते दिवस. अशा वेळी परसात जेवढी वर्दळ असते तेवढी आमच्या शुक्रवारच्या बाजारातही नसेल, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

पहिला धडा वेळेचा होता. कीटकाच्या शरीराची ऊब बाहेरच्या हवेवर अवलंबून असते. सकाळी सात-साडेसातला तो गारठलेला, मंद असतो. फुलपाखरे पंख पसरून उन्हात बसतात, अंग तापल्याखेरीज त्यांना नीट उडता येत नाही. एकदा ऊन चढले, की मग कोणी क्षणभर स्थिर राहत नाही. म्हणून छायाचित्रे घ्यावयाची ती सकाळी नऊच्या आत किंवा दुपार कलल्यावर. दुसरा धडा अंतराचा. ही काच दोन-तीन सेंटिमीटरवरूनच स्पष्ट दाखवते. त्याहून किंचित पुढे गेलात वा मागे सरलात, तर सर्व धूसर. शिवाय आपली सावली किड्यावर पडता कामा नये, फांदी हलता कामा नये आणि श्वासही रोखून धरावा लागतो. गुडघे टेकून, कोपर जमिनीवर ठेवून, श्वास रोखून बसलेल्या आजोबांस पाहून शेजारच्या वहिनींनी भिंतीवरून विचारले, ‘‘काही हरवले का?’’

पहिल्या तासात मी चाळीस छायाचित्रे घेतली. त्यांतील अडतीस निकामी निघाली.

नातवाने त्यावर एक उपाय सांगितला. त्याने कोठेसे पाहिले होते, की काही छायाचित्रकार किड्याला डबीत घालून थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवतात. थंडीने तो बधिर होतो आणि मग हवे तसे छायाचित्र घेता येते. हे सांगता सांगता त्याचा स्वतःचाच चेहरा उतरला. थोड्या वेळाने तोच म्हणाला, ‘‘नको दादाजी. आपण हलणाऱ्याचेच काढू.’’ मी त्यास काहीही समजावून सांगितले नव्हते. एखाद्या जीवाकडे एक तास टक लावून पाहिल्यावर त्याला डबीत कोंडणे अवघड जाते, एवढाच त्याचा अर्थ.

वालाच्या वेलाशी आम्ही सर्वाधिक रमलो. कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा दाटीने बसला होता आणि त्यात मुंग्यांची अखंड ये-जा चालू होती. मावा झाडाचा रस शोषतो आणि त्याच्या अंगातून गोड चिकट थेंब बाहेर पडतो. मुंग्या तो थेंब नेतात आणि मोबदल्यात माव्याचे शत्रूंपासून रक्षण करतात. देणे-घेणे इतके चोख, की कोणत्याही पेढीने पाहावे. पडद्यावर मुंगीचे डोके मोठे करून पाहताना नातू एकदम थांबला. ‘‘दादाजी, पाठशाळेत शिकवले होते, मुंगी तीन इंद्रियांची, तिला डोळे नसतात. पण हे बघा, डोक्याच्या बाजूला काळे ठिपके आहेत.’’

ते डोळेच होते. बहुतेक मुंग्यांना ते असतात. मी त्यास म्हणालो, ‘‘चातुर्मास अजून संपलेला नाही. पुसदला महाराजसाहेबांच्या दर्शनास जाऊ तेव्हा हा प्रश्न तूच त्यांना विचार. पण जे डोळ्यांनी दिसले ते दिसले नाही असे म्हणू नकोस.’’ नंतर मी स्वतःशी विचार करीत राहिलो. आपल्या पूर्वाचार्यांनी कृमी, मुंगी, भुंगा, माणूस अशी इंद्रियांची चढती मांडणी केली. त्यांच्या हाती भिंग नव्हते. कोणाला किती इंद्रिये, याविषयी प्रयोगशाळेचे उत्तर वेगळे येऊ शकते. तथापि एकाही इंद्रियाचा जीव हिशेबाबाहेर राहू नये, हा त्या मांडणीमागचा हेतू मला त्या सकाळी जितका उमगला, तितका इतकी वर्षे प्रतिक्रमणात ते शब्द उच्चारताना उमगला नव्हता.

त्याच वेलावर एक कुरूप प्राणी दिसला. लांबट, काळपट, अंगावर काटेरी उंचवटे आणि नारिंगी डाग. एखाद्या इवल्याशा मगरीसारखा तो माव्याच्या दाटीत शिरून एकेक मावा मटकावत होता. हे काय असावे याचा आम्हा दोघांनाही पत्ता लागला नाही. छायाचित्र तेवढे जपून ठेवले.

दुपारी ऊन तापले, तसे आम्ही ओसरीत येऊन बसलो. तेथे आमच्यासाठी निराळाच प्रसंग वाढून ठेवला होता. ओसरीच्या तुळईला कुंभारमाशीने मातीची दोन इवलीशी मडकी चिकटवली होती. सुगडासारखे गोल पोट आणि वर तोंड. आम्ही कॅमेरा रोखून बसलो असताना ती कुठूनशी एक बारीक हिरवी अळी घेऊन आली. अळी मेलेली नव्हती, अधूनमधून तिचे टोक हलत होते. माशीने ती मडक्यात कोंबली. नातवाने माझा हात घट्ट धरला. ‘‘सोडवायची का तिला?’’

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. फ्रान्समध्ये आंरी फाब्र नावाचे एक शिक्षक होऊन गेले. १८७९ साली त्यांनी सेरिन्याँ या खेड्यात एक खडकाळ, पडीक जमिनीचा तुकडा घेतला आणि १९१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहून कीटकांचे निरीक्षण केले. त्यांच्या निरीक्षणांचे दहा खंड निघाले. शिकारी माश्या अळीला नेमक्या जागी दंश करून लुळी करतात, मारीत नाहीत, कारण अंड्यातून निघणाऱ्या पिलास ताजे अन्न मिळावयास हवे, हे त्यांनी तासन्‌तास उन्हात बसून टिपले. हे मी नातवास सांगितले. त्यावर तो म्हणाला, ‘‘मग अळी सोडवली तर माशीचे पिलू उपाशी मरेल.’’ आम्ही दोघेही गप्प बसलो. माशीने मडक्याचे तोंड मातीने बंद केले आणि ती निघून गेली. निसर्ग आपल्यासाठी बोधकथा रचीत नाही. तेथे एक जीव दुसऱ्यावर जगतो. आपल्या वाट्याला जी निवड येते, ती आपल्या हातून काय घडावे आणि काय घडू नये एवढ्यापुरतीच.

ती निवड सायंकाळी दारात येऊन उभी राहिली. पुतण्या दुकान वाढवून आला, तो हातात बाटली घेऊनच. ‘‘मोठे बाबा, काकींनी सांगितले होते. पंपाच्या पाण्यात टोपणभर टाकायचे, उद्यापर्यंत लिंबावरच्या अळ्या साफ.’’

नातवाने त्याला बाटली खाली ठेवावयास लावली आणि दिवसभराची छायाचित्रे दाखवण्यास बसवले. लिंबावरील अळ्यांची आम्ही गणती केली होती. एकूण अकरा. लहान अळ्या हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, म्हणून पक्षी त्यांना सहसा शिवत नाहीत. मोठ्या झाल्या की पानासारख्या हिरव्यागार होतात, आणि हात लावला तर डोक्यामागून नारिंगी शिंगे काढून उग्र वास सोडतात. त्यांतूनच काळ्या-पिवळ्या नक्षीचे ते फुलपाखरू निघते. पुतण्या हसत हसत पाहत होता. मग ती काळी मगर पडद्यावर आली आणि तो थबकला.

‘‘हा किडा तर लोक माझ्याकडे घेऊन येतात. पऱ्हाटीवर, वालावर सापडला म्हणून काडेपेटीत घालून आणतात आणि विचारतात, याला कोणते औषध? मी देतो काहीतरी.’’

त्या रात्री आम्ही तिघांनी मिळून शोध घेतला. तो ढालकिडा निघाला, म्हणजे पाठीवर ठिपके असलेल्या त्या गोल, लाल, देखण्या किड्याची अळी. बाल्यावस्थेत ती अशीच दिसते आणि वाढ पूर्ण होईपर्यंत शेकडो मावा खाऊन टाकते. शेतकऱ्याचा विनावेतन चाकर, आणि त्यालाच मारण्यासाठी शेतकरी पदरचे पैसे देऊन बाटली नेत होता. पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही.

वाचकहो, येथे मला एक जुनी गोष्ट सांगणे भाग आहे. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे २० शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. शासनाने विशेष तपास पथक नेमले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती, हवेत उकाडा होता, दोन-तीन औषधे एकत्र करून मारली जात होती आणि फवारणाऱ्याच्या तोंडाला साधा रुमालही धड नसे. त्यात गुलाबी बोंडअळी बीटी कपाशीलाही जुमानेनाशी झाली होती. मी तेव्हा जिल्ह्यातील एका शाखेत होतो. अशाच एका मजुराची पत्नी पासबुक आणि मृत्यूचा दाखला घेऊन आली. मी नियमाप्रमाणे वारसाचा अर्ज भरून घेतला, अंगठा घेतला, खात्यातील अकराशे चाळीस रुपये तिच्या हाती दिले आणि खाते बंद केले. त्याच शाखेतून त्या हंगामात किती पीककर्जे गेली, त्यांतील किती रुपये बाटल्यांवर खर्च झाले, याचा विचार तेव्हा माझ्या मनास शिवला नाही. माझे हात कोरडे होते, एवढेच मी पाहिले.

श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य गणले आहे, हे आपण सारे लहानपणापासून ऐकतो. पुतण्याही ऐकतो. म्हणूनच मी त्यास ते ऐकवले नाही, त्यानेच विषय काढला. म्हणाला, ‘‘मोठे बाबा, मी बाटली दिली नाही तर तो समोरच्या दुकानातून नेईल. आणि बोंडअळीने पऱ्हाटी गेली तर त्याच्या घरची चूल कशी पेटेल?’’ हा प्रश्न खोटा नाही. ज्याचे दुकान नाही त्याने यावर प्रवचन देऊ नये, आणि ज्याने त्या दुकानांना व शेतांना कर्ज दिले त्याने तर मुळीच नाही.

म्हणून आम्ही धर्माचा विषय बाजूस ठेवून हिशेबाला बसलो. कृषिशास्त्रात ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ नावाची एक संकल्पना आहे. किडीमुळे होणारे नुकसान फवारणीच्या खर्चाहून अधिक होऊ लागेल, तेव्हाच फवारणी परवडते. त्याआधी केलेली प्रत्येक फवारणी हा शुद्ध तोटा. गुलाबी बोंडअळीसाठी शेतात कामगंध सापळे लावतात. सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात रोज आठ किंवा अधिक पतंग सापडले, तर ती पातळी ओलांडली असे समजावे. शिवाय ही अळी एकदा बोंडात शिरली, की वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. मरतात ते बाहेर असलेले ढालकिडे, कोळी, मधमाश्या, आणि कधी कधी फवारणारा. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था हेच सांगत असतात. आरंभी पाच टक्के निंबोळी अर्क, सापळे, नियमित पाहणी आणि रासायनिक औषध शेवटी. पुतण्याला हे ठाऊक नव्हते असे नाही. दुकानात अशी भित्तिपत्रके येतात आणि पोत्यांमागे पडून राहतात.

मग लिंबाच्या झाडाचा ताळेबंद मांडला. अकरा अळ्या, खाल्लेली पाने फक्त नव्या फुटीची, फळांस धक्का नाही. बाटलीची किंमत अडीचशे रुपये. काकींनी आकडे ऐकले आणि म्हणाल्या, ‘‘पण पाने कुरतडलेली वाईट दिसतात.’’ शेवटी सात दिवसांची मुदत ठरली. बाटली सीलबंद परत गेली.

सातव्या दिवशी झाडावर तीन अळ्या उरल्या होत्या. उरलेल्या कोणी नेल्या, हे सर्व आम्ही पाहिले नाही. एकदा बुलबुल चोचीत हिरवे काही घेऊन उडाला, एकदा गांधीलमाशी घिरट्या घालताना दिसली. झाडाला नवी पालवी फुटू लागली होती. ज्या दोन शेंड्यांवर अळ्या होत्या, ते मात्र अजून खुरटलेलेच आहेत, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

नातू पुण्यास परत गेला. जाण्यापूर्वी त्याने एक वही केली. प्रत्येक छायाचित्रापुढे दिनांक, वेळ, जागा आणि कोणत्या झाडावर. व्हाउचरशिवाय नोंद नाही, हा बँकेचा नियम त्याला भारी आवडला. अशा नोंदींना मोलही असते. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्रातील फुलपाखरांचे अभ्यासक डॉ. कृष्णमेघ कुंटे आणि त्यांचे सहकारी देशभरातील सामान्य लोकांनी पाठवलेली फुलपाखरांची छायाचित्रे दिनांक व ठिकाणासह जमा करतात, आणि त्यांतून कोणते फुलपाखरू कोठे, केव्हा आढळते याचे चित्र तयार होते. ठाण्याजवळ ओवळे येथे राजेंद्र ओवळेकर यांनी आपल्या घरच्या जमिनीवर फुलपाखरांना हवी ती झाडे लावली आणि तेथे फुलपाखरांची बागच उभी राहिली. आपल्या राज्याने तर २०१५ मध्ये ब्लू मॉरमॉन या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. तेव्हा परसात गुडघे टेकून बसणे हा काही निव्वळ निवृत्तांचा उद्योग नव्हे.

आपल्या घरी नातवंडे सुटीत येणार असतील, तर एवढे करून पाहावे. सकाळची वेळ निवडावी. कीटकाला हात लावू नये, फांदी तोडू नये, त्याचे घर हलवू नये. किड्याच्या डोळ्यावर कॅमेरा साधावा, डोळा स्पष्ट आला की छायाचित्र जिवंत होते. लाल-काळे केसाळ सुरवंट आणि गांधीलमाशीचे पोळे यांपासून दूर राहावे. आणि दिनांक लिहिण्यास विसरू नये.

आता दुकानाविषयी. पुतण्याने काही छायाचित्रे मोठी छापून घेतली आणि गल्ल्यामागे लावली. ढालकिडा आणि त्याची ती कुरूप अळी, कोळी, प्रार्थनाकीटक, चतुर. वर त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिले, ‘हे दिसले तर फवारणी थांबवा, आधी दाखवा.’ शेजारी हातमोजे आणि मास्क टांगले, बाटलीसोबत ते घेतल्याशिवाय बाटली द्यावयाची नाही असा नियम केला. बाटल्यांची भिंत अजून आहे. ती एका दिवसात जाणार नाही, आणि जाईलच असेही मी म्हणत नाही.

हंगाम सरता सरता मी त्यास विक्रीविषयी विचारले. म्हणाला, ‘‘तीन पेट्या कंपनीला परत गेल्या, मोठे बाबा.’’

‘‘म्हणजे नुकसान?’’

‘‘त्या पेट्यांपुरते. पण ज्याला मी बाटली न देता परत पाठवले होते, तो मागल्या आठवड्यात हरभऱ्याचे बियाणे न्यायला आला. सोबत भावालाही घेऊन आला.’’

बँकेत आम्ही यास पत म्हणत असू. आपल्यापैकी ज्यांची अशी दुकाने आहेत, त्यांना माझी एवढीच विनंती. आपल्या परसातील, आपल्या शिवारातील ढालकिड्याच्या अळीचे एक छायाचित्र काढावे आणि ते गल्ल्याच्या मागे, ग्राहकाची नजर पडेल अशा उंचीवर लावावे. बाकीचे बोलणे ती अळीच करील.